किंगडम्स ऑफ अमलूर: रेकनिंग – डेमो खेळून झाला, आता पैसे टाकू का?

मध्यरात्रीचा मोडेम | २० जानेवारी २०१२, २१:४२

मंडळी, १७ तारखेला 'किंगडम्स ऑफ अमलूर' या कॉम्प्युटर गेमचा डेमो (फुकटचा छोटा नमुना) आला. आमच्या ब्रॉडबँडला रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असतं, म्हणून बुधवारी रात्री गजर लावून दोनला उठलो, डाउनलोड लावलं आणि परत झोपलो. सकाळी सात वाजता 'रात्रभर कॉम्प्युटर तापतोय' म्हणत आईने वायर उपटली तेव्हा ९१ टक्के झालं होतं. उरलेले नऊ टक्के आज पहाटे. कॉलेजला दांडी. एवढं करून खेळलोय, तेव्हा लिहिणारच.

सुरुवात झकास आहे. तुम्ही मेलेले असता. दोन बुटके नोम प्रेतांची हातगाडी ढकलत चाललेत आणि तुमची नोंद करतायत: हा कुठल्या वंशाचा, बाई की बुवा, चेहरा कसा, नाव काय. आपण पात्र निवडतो, सजवतो, ते सगळं या नोंदीच्या निमित्ताने. थोडक्यात, आपलाच पंचनामा आपणच भरायचा! मग तुम्हाला खाली ढकलून देतात आणि प्रेतांच्या ढिगात तुमचे डोळे उघडतात. अर्धा तास केसांचा रंग निवडत बसवणाऱ्या बाकीच्या खेळांपेक्षा हे मला फार आवडलं.

पुढे अंधाऱ्या मनोऱ्यात शिकवणी. आधी गंजकी तलवार, मग धनुष्य, जादूची काठी, खंजीर घेऊन चोरपावलांनी मागून जाणं. शेवटी एक दगडी ट्रोल. त्याला लोळवून बाहेर पडलं की ओडारथ नावाचं जंगल, डोळे दिपतील असं ऊन, आणि पंचेचाळीस मिनिटांचं घड्याळ सुरू. तेवढ्या वेळात काय वाट्टेल ते करा. वेळ संपली की दुकान बंद.

मारामारी एक नंबर. बाकीच्याबद्दल मनात गोंधळ आहे. गावातली माणसं पुतळ्यासारखी उभी, कॅमेरा मधेच भिंतीत, एकदा तर समोरच्या बाईचे ओठ हलत होते आणि आवाजच नाही.

प्रश्न साधा आहे. पूर्ण खेळ ७ फेब्रुवारीला येतोय. खिशात एकाच खेळाचे पैसे आहेत आणि मार्चमध्ये मास इफेक्ट ३ आहे. प्री-ऑर्डर करू की गप्प बसू?

पुणेरी ऑर्क | २० जानेवारी २०१२, २१:५१

आधीचा तो स्कायरिम गेम खेळून संपवलास का? नाही ना? मग झालं तर.

खेळिया | २० जानेवारी २०१२, २२:३०

ऑर्क, तुझं म्हणणं म्हणजे 'घरी वरण-भात आहे, बिर्याणी कशाला' असं झालं. दोन्ही वेगळं आहे रे.

मोडेमराव, मी एक्सबॉक्सवर तीनदा खेळलो, तीन वेगळ्या हत्यारांनी. मारामारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या खेळाचा जीव तिथेच आहे.

स्कायरिममध्ये तलवार चालवताना मला कायम गोधडी झटकल्यासारखं वाटतं. लागलं का, कुठे लागलं, काही कळत नाही. इथे बटण दाबलं की त्याच क्षणी हात चालतो. दोन हत्यारं दोन बटणांवर, मधे मेनूत जायची गरज नाही. तलवारीचे दोन वार, किंचित थांबून तिसरा दाबला की वेगळाच दणका बसतो. तो 'किंचित थांबणं' जमायला मला दहा मिनिटं लागली आणि जमल्यावर सोडवेना. शत्रूचा वार येताना ढाल ऐन वेळी उचलली तर तो उघडा पडतो. लोळण घेऊन मागे जाता येतं. हातोडा घेतला तर प्रत्येक वार जड, खंजीर घेतले तर टपटप पाऊस. हत्यार बदललं की खेळायची लयच बदलते.

आणि ते जांभळं प्रकरण! मारामारी करताना एक मीटर भरत जातो, भरला की 'रेकनिंग' सुरू होतं, सगळे शत्रू मधात बुडवल्यासारखे हळू होतात. सगळ्यांना अर्धमेलं करायचं आणि शेवटच्याला नियतीचा धागाच उपटून मारायचं. तेव्हा एक बटण धडाधड दाबायला लागतं, जितकं जास्त दाबाल तितके अनुभवाचे गुण जास्त. माझ्या गेमपॅडचं ते बटण आता कायमचं आत गेलंय.

माझं मत: घे.

चिंचपोकळीचा चेटक्या | २० जानेवारी २०१२, २३:१२

माझं मत: नको घेऊस.

खेळिया म्हणतात ते मारामारीपुरतं मान्य. पण या खेळाला 'ओपन वर्ल्ड' (हवं तिथे मोकळं फिरता येणारं जग) म्हणायचं म्हणजे चाळीच्या गॅलरीला मैदान म्हणण्यासारखं आहे. साधी उडी मारता येत नाही! गुडघाभर उंचीचा कठडा आला की महाशक्तिमान वीर तिथे अडतो. ठरावीक जागी खूण असते, तिथेच जाऊन उडी मारायची. स्कायरिममध्ये समोर डोंगर दिसला की घोडा घालून कसाबसा का होईना चढतोच माणूस. इथे डोंगर हा पडदा आहे, नाटकातला.

दुसरं, डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह घेऊन उभी असलेली माणसं. अमक्याला दहा मारून ये, तमक्याचं पत्र देऊन ये. हे सगळं ऑनलाइन खेळांचं सामान आहे, फक्त बरोबर खेळायला माणसं नाहीत.

तिसरं, पीसीवर कॅमेरा इतका जवळ की मला अर्धा वेळ स्वतःची पाठच दिसत होती. पाठ चांगली आहे, पण म्हणून किती वेळ बघायची?

लोणच्याची बरणी | २० जानेवारी २०१२, २३:४०

मी कबुली द्यायला आलेय.

मनोऱ्यातून बाहेर पडले. समोर एक चमकणारं झुडूप. तोडलं तर औषधाचं सामान मिळतं म्हणे. तोडायला गेले, फसलं. किमया येत नसेल तर बरेचदा हाताला काही लागत नाही, आणि झुडूपही वाया. मग पुढचं झुडूप. मग त्याच्या पुढचं. मधे एक पिंप दिसलं, फोडलं, चार नाणी. पोकळ ओंडका दिसला, त्यातही हात घातला. पेटी दिसली, तिच्यावर जादूचं कुलूप, ते उघडताना दोनदा शाप लागला. पुन्हा झुडूप.

पंचेचाळीस मिनिटं संपली. मी गोरहार्ट गावापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. एकही शत्रू स्वतःहून मारला नाही, रस्त्यात जे आडवे आले तेवढेच. पिशवीत सव्वीस फुलं.

खूप आवडला डेमो.

खेळिया | २० जानेवारी २०१२, २३:४४

बरणीताई, __/\__

खान्देशी गोळा | २१ जानेवारी २०१२, ००:२०

तुमची पंचेचाळीस तरी मिनिटं होती. आमच्याकडं भारनियमन. ट्रोल मारला, बाहेर निघालो, अडतिसावं मिनिट चालू असंल, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कॉम्प्युटर नाही. पुन्हा पहिल्यापासून. तोच मनोरा, तोच ट्रोल. त्या ट्रोलाची आणि माझी आता ओळख झाली आहे. तिसऱ्या वेळी तो स्वतःच पडला असं वाटलं.

ग्राफिक कार्ड जुनं आहे, तरी सगळं कमीवर ठेवून बरं चाललं. स्कायरिम माझ्याकडं स्लाइड शो सारखं चालतं. त्यामुळं चेटक्याभाऊ, आमच्यासाठी हाच ओपन वर्ल्ड.

चिंचपोकळीचा चेटक्या | २१ जानेवारी २०१२, ००:३१

गोळाभाऊ, हा मुद्दा मात्र बिनतोड. शब्द अर्धे मागे घेतो.

सरदार बोकील | २१ जानेवारी २०१२, ०९:१५

चक्राबद्दल कोणीच बोललं नाही? डेमोत जादूगाराच्या मार्गाला लागलात तर चक्रांची जोडी वापरता येते. गरागरा फिरवून फेकायची, चार जणांना कापून हातात परत. माझ्या पाच वर्षांच्या पुतण्याने पाहिलं आणि विचारलं, "काका, हा कृष्ण आहे का?"

खरं चक्रम पंजाबातलं. निहंग शीख पगडीवर पोलादी कडी घालतात ना, तेच. बाहेरची कडा धारदार. पण ते परत येत नाही, शोधून आणावं लागतं. परत येणारं फक्त आपल्या वरच्या साहेबांचं.

आणि मोडेमराव, तुमच्या पैशाच्या प्रश्नाला जोडून: हा डेमो खेळलात तर मास इफेक्ट ३ मध्ये चक्र फेकणारी बंदूक फुकट मिळणार आहे. म्हणजे डेमो इकडचा, बक्षीस तिकडचं. हिशोब तुम्हीच लावा.

व्युत्पत्तीवाला | २१ जानेवारी २०१२, ११:०२

थोडं अवांतर. नावं ऐकून कान टवकारले. मनोऱ्यावर हल्ला करणारे 'तुआथा' हे आयरिश पुराणकथांतून उचललेत, तिकडे 'तुआथा दे दानन्न' ही देवांसारखी जमात आहे. आणि निवडायला जे वंश दिलेत त्यांतले 'ल्योसाल्फार' आणि 'डोक्कालफार' हे जुन्या नॉर्स भाषेतले: उजेडातले एल्फ आणि अंधारातले एल्फ. म्हणजे आयर्लंडचं पीठ आणि आइसलँडचं पाणी घेऊन अमेरिकेत मळलेली कणीक.

पुणेरी ऑर्क | २१ जानेवारी २०१२, ११:०६

डोक्कालफार म्हणजे डोक्याला फार. मी तोच वंश घेतला होता, अनुभवाने सांगतो.

आज्जीचा बटवा | २१ जानेवारी २०१२, १४:४८

माझा मुलगा खेळत होता, मी मागे बसून मटार सोलत होते. खेळातलं मला कळत नाही, पण गोष्ट ऐकून राहवलं नाही म्हणून लिहिते.

त्या जगात म्हणे प्रत्येकाचं विधिलिखित आधीच विणलेलं असतं आणि ते वाचणारे ज्योतिषी असतात. रस्त्यात एक दाढीवाला, अगार्थ का कोण, तो मुलाचं भविष्य बघायला जातो आणि चपापतो. काही दिसतच नाही! मेलेला माणूस परत आला, त्यामुळे पाटी कोरी.

आमच्याकडे बाळाच्या पाचवीला-सहावीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. काय लिहिलं ते तिला सोडून कुणाला कळत नाही. माझ्या सासूबाई त्या रात्री दिवा मालवू द्यायच्या नाहीत, अंधारात तिने काही चुकीचं लिहिलं तर? मुलाला म्हटलं, तुझ्या या माणसाच्या पाचवीला दिवा विझला असणार. तो म्हणाला, "आई, मधे बोलू नकोस, वेळ संपतोय."

लोणच्याची बरणी | २१ जानेवारी २०१२, १५:०५

आज्जी!! या धाग्यातला सर्वात भारी प्रतिसाद.

असं विधिलिखित नसलेल्याला खेळात 'फेटलेस' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं मग?

व्युत्पत्तीवाला | २१ जानेवारी २०१२, १५:२०

नियतिमुक्त. किंवा अलिखित.

खान्देशी गोळा | २१ जानेवारी २०१२, १५:२४

कपाळकोरा.

व्युत्पत्तीवाला | २१ जानेवारी २०१२, १५:२५

शस्त्रं खाली ठेवतो. कपाळकोरा.

बॉस्टनकर | २१ जानेवारी २०१२, २२:१०

इकडून थोडी वेगळी बातमी. हा खेळ काढणाऱ्या '३८ स्टुडिओज'चा मालक कर्ट शिलिंग. तुमच्याकडे हे नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही, इथे मात्र दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. बेसबॉलचा पिचर. २००४ साली घोट्याचा स्नायुबंध टाके घालून जागेवर बसवून न्यूयॉर्कविरुद्ध खेळायला उतरला, पायमोज्यातून रक्त झिरपतंय आणि हा गोलंदाजी करतोय. त्या वर्षी त्याच्या संघाने, बॉस्टनच्या रेड सॉक्सनी, ८६ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं. ३८ हा त्याचा शर्टावरचा आकडा. आपल्याकडे जबडा बांधून गोलंदाजी केलेल्या कुंबळ्याने उद्या गेम कंपनी काढली तर कसं वाटेल, तसं.

गडी स्वतः एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळाचा पट्टीचा खेळाडू. बेसबॉलमध्ये कमावलेले पैसे यात घातले. गोष्टीचं जग रचायला कादंबरीकार आर. ए. साल्व्हाटोर, चित्रांच्या बाजूला कॉमिक्सवाला टॉड मॅकफार्लेन, आणि रचनाकार केन रोल्स्टन. हा रोल्स्टन म्हणजे स्कायरिमच्या आधीच्या दोन भागांचा, मोरोविंड आणि ऑब्लिव्हियनचा, मुख्य रचनाकार. त्यामुळे 'स्कायरिम विरुद्ध अमलूर' हे भांडण खरं तर भाऊबंदकी आहे.

प्रत्यक्ष खेळ बनवला तो मेरीलँडमधल्या बिग ह्यूज गेम्सनी, ज्यांनी पूर्वी राइज ऑफ नेशन्स केला होता. हे लोक मूळचे सेना हलवण्याचे खेळ बनवणारे. मारामारी इतकी चांगली कशी जमली हेच मला आश्चर्य.

खेळिया | २१ जानेवारी २०१२, २२:३४

राइज ऑफ नेशन्स!! हॉस्टेलमध्ये लॅनवर रात्र रात्र. धागा हायजॅक होऊ नये म्हणून थांबतो.

डबलडिस्क | २२ जानेवारी २०१२, १०:०५

सगळे गोड बोलताय म्हणून जरा कडू घालतो. 'ऑनलाइन पास'बद्दल वाचलं का? नव्या डिस्कसोबत एक कोड येणार. तो टाकला तरच 'हाउस ऑफ व्हॅलर' नावाची सात क्वेस्टची (कामगिऱ्यांची) मालिका उघडणार. जुनी डिस्क घेतली तर कोड वापरलेला, मालिका गायब. आणि हा एकट्याने खेळायचा खेळ आहे! ऑनलाइन काहीच नाही, तरी ऑनलाइन पास.

आमचं सगळं अर्थशास्त्र डिस्क फिरवण्यावर चालतं. एक मी घेतो, एक मित्र घेतो, महिन्याने अदलाबदल, मग दुकानात थोडे पैसे घालून तिसरी. चौघांत वर्षाला आठ-दहा खेळ होतात. नवी डिस्क प्रत्येकाने घ्यायची तर एकेकाचे दोन होतील.

सरदार बोकील | २२ जानेवारी २०१२, १०:४०

दुसरी बाजू पण आहे. जुन्या डिस्कच्या विक्रीतून बनवणाऱ्याला छदाम मिळत नाही. शिलिंगने स्वतः फोरमवर येऊन हेच सांगितलं की नवीन घेणाऱ्याला आम्ही जास्तीचं देतोय.

डबलडिस्क | २२ जानेवारी २०१२, १०:४३

माझी जुनी बाईक विकली तेव्हा कंपनी टाकीचं झाकण काढून घ्यायला आली नव्हती.

पुणेरी ऑर्क | २२ जानेवारी २०१२, १०:४४

*खुर्ची ओढून बसतो. भडंग घ्या कुणी.*

नवीन_आहे_सांभाळून_घ्या | २२ जानेवारी २०१२, ११:३०

हा खेळ फुकटात कुठे मिळेल? लिंक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रशासक | २२ जानेवारी २०१२, ११:४१

नवीन सदस्य, स्वागत. असल्या लिंका इथे मागायच्या नाहीत, द्यायच्या तर अजिबात नाहीत. डेमो फुकट आहे, तो खेळा. डबलडिस्क आणि बोकील, ऑनलाइन पाससाठी वेगळा धागा काढा, तिथे हवं तेवढं भांडा.

(वैयक्तिक: मीही फुलंच वेचत बसलो होतो.)

मध्यरात्रीचा मोडेम | २२ जानेवारी २०१२, २२:५५

बाप रे, दोन दिवसांत केवढा वाढला धागा! सर्वांचे आभार.

काल रात्री पुन्हा खेळलो. यावेळी ठरवून धावत सुटलो. कुणाशी बोललो नाही, पिंप फोडलं नाही (दोन फोडली). गोरहार्ट गाठलं, एका गुहेत शिरलो, तिथे बोगार्टांनी घेरलं, खंजिरांनी सगळे निपटले. आणि तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वेळी मी सारखा कोपऱ्यातल्या वेळेचा विचार करत होतो म्हणून जग पोकळ वाटलं. कॅमेरा मात्र दुसऱ्यांदाही तेवढाच वाईट, चेटक्याला अनुमोदन.

बग्जबद्दल: बनवणाऱ्यांचं म्हणणं की डेमो बाहेरच्या मंडळींनी जुन्या बिल्डवरून (खेळाच्या जुन्या, अर्धवट आवृत्तीवरून) केलाय, पूर्ण खेळात हे दोष नाहीत. पटतंय का कुणाला?

चिंचपोकळीचा चेटक्या | २२ जानेवारी २०१२, २३:०८

मुलगी बघायला गेल्यावर "आज जरा सर्दी झाली आहे, एरवी छान गाते" म्हणतात, त्यातला प्रकार. खरंही असेल. पण गाणं ऐकायलाच बोलावलं होतं ना?

खेळिया | २२ जानेवारी २०१२, २३:१९

ते पटलं. माणसाच्या हातात पहिली जी गोष्ट पडते तिच्यावरच तो ठरवतो. स्कायरिमला डेमोच नव्हता. त्यातही बग्ज पोत्याने होते, पण ते पैसे दिल्यानंतर दिसले, आणि पैसे दिल्यावर माणूस प्रेमाने बघतो.

मालवणी मसाला | १९ फेब्रुवारी २०१२, २३:५०

धागा वर काढतंय. मी घेतलंय पूर्ण खेळ, पीसीर. तीस तास झाले. कॅमेरा सुधारलोहा, आवाज जायत नाय. माणसा अजून पुतळेच.

(आता प्रमाण मराठीत, नाहीतर प्रशासक ओरडतील.)

सांगायचं होतं ते 'हाउस ऑफ बॅलड्स'बद्दल. फे नावाचे जे अमर लोक आहेत त्यांच्यातली ही मंडळी. त्यांच्याकडे जुनी काव्यं आहेत आणि ती ते पुन्हा पुन्हा जगतात. एक जण ठरलेला वीर, एक ठरलेली खलनायिका. दर वेळी तीच लढाई, तोच शेवट. वीर पडला तर त्याची भूमिका दुसरा घेतो. आपण बाहेरचे, कपाळकोरे, आपल्याला एका वीराची जागा दिली जाते.

मी वाचता वाचता थांबलो. अहो, हा दशावतार आहे! आमच्या जत्रेत रात्री बाराला पेट्रोमॅक्स लावून सुरू होतो तो. गोष्ट सगळ्यांना पाठ, राजा कोण राक्षस कोण ठरलेलं, पहाटे राक्षस मरणार हे झोपलेल्या पोरालाही माहीत. तरी लोक उठत नाहीत.

आणि खेळात गंमत अशी की काव्यं बिघडायला लागतात. खलनायिकेला ठरलेला शेवट नकोय. राक्षसाने पहाटे मरायला नकार दिला तर पुढे काय, गाडी कशी सुटणार, मंडळींना चहा कोण देणार? डेमोत ह्यातलं काय्येक कळणारा नव्हता. पंचेचाळीस मिनिटांत आमच्याकडे नुसतो संकासुर येऊन जाता.

आज्जीचा बटवा | २० फेब्रुवारी २०१२, १३:१५

मालवणीबुवा, हे मुलाला वाचून दाखवलं. त्याने आता वाढदिवसाला मागितलाय. आमचा खर्च तुम्ही वाढवलात.

बॉस्टनकर | ९ जून २०१२, ०७:३०

वाईट बातमी देतोय. ३८ स्टुडिओज बुडाली. २४ मे रोजी सगळ्यांना, जवळपास चारशे लोकांना, एका दिवसात काढलं, आणि परवा ७ जूनला दिवाळखोरीचा अर्ज केला. मेरीलँडची शाखाही त्यातच.

मूळ गोम अशी. कंपनी मॅसॅच्युसेट्समधली. २०१० मध्ये शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्याने साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, अट अशी की बाडबिस्तरा प्रॉव्हिडन्सला हलवा आणि नोकऱ्या द्या. आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढ्या राज्याने ही उडी मारली. पैसा मुख्यतः गेला तो 'कोपर्निकस' नावाच्या ऑनलाइन खेळात, जो अजून कुणी खेळलेलाच नाही. अमलूर हा त्या जगाची ओळख करून देणारा खेळ. मे महिन्यात सव्वाअकरा लाख डॉलरचा हप्ता चुकला आणि मग सगळं भराभर.

शिलिंग म्हणतो पहिल्या नव्वद दिवसांत बारा लाख प्रती खपल्या. गव्हर्नर चेफी म्हणतात तीस लाख खपल्या असत्या तर पैसे वसूल झाले असते. डेमो बघून 'थांबू' म्हणणारे आपण सगळे त्या मधल्या अठरा लाखांत.

खेळिया | ९ जून २०१२, ०९:०२

मारामारी बसवणारे ते लोक कुठे गेले असतील आता. वाईट वाटलं.

डबलडिस्क | ९ जून २०१२, ०९:४०

मी नवीनच घेतली होती शेवटी. नोंद असावी म्हणून.

चिंचपोकळीचा चेटक्या | ९ जून २०१२, १०:१५

राज्याने कर्जाला हमी देण्याआधी डेमो खेळून बघायला हवा होता. पण कोपर्निकसचा डेमो होता कुठे?

मध्यरात्रीचा मोडेम | १३ सप्टेंबर २०२०, ०१:२०

हा धागा शोधायला अर्धा तास लागला. कोणी आहे का अजून?

८ तारखेला 'री-रेकनिंग' आला, तोच खेळ थोडा घासून-पुसून. लॉकडाउनमध्ये घरून काम, नेट आता फायबर, चहा होईपर्यंत डाउनलोड झालंसुद्धा. आईने विचारलं, "इतक्यात झालं?"

तर त्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर: नव्हता घेतला मी. मास इफेक्ट ३ घेतला, चक्राची बंदूक मिळाली, चारदा वापरली. आज पहिल्यांदा पूर्ण अमलूर सुरू केला. तेच नोम, तीच गाडी, तोच पंचनामा. वंश अर्थात डोक्याला फार. चेटक्या, उडी अजूनही नाही बरं का. आणि स्कायरिम एवढ्या यंत्रांवर आलंय की आता फक्त मिक्सरवर यायचं राहिलंय.

मनोऱ्यातून बाहेर आलो, ऊन आलं, आणि मी पळत सुटलो. पिंपं सोडली, झुडपं सोडली, एका बाईने हाक मारली तिलाही सोडलं. गोरहार्टच्या वेशीपाशी आलो तेव्हा लक्षात आलं की माझी नजर सारखी स्क्रीनच्या कोपऱ्यात जातेय.

लोणच्याची बरणी | १३ सप्टेंबर २०२०, ०१:३४

आहे मी. मागे फिर आणि फुलं वेच आधी.